आरशातील प्रतिमा आणि मेघातील फोटो



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या अलीकडे सारोळे गाव लागते. तेथून आमच्या महाविद्यालयात येणारी एक विद्यार्थिनी एके दिवशी प्रात्यक्षिक संपल्यावर थांबून राहिली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "सर, क्लाउडमधून गेलेले फोटो परत आणता येतात का?"

घडले होते ते असे. तिच्या लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. प्रकल्पाचा अहवालसुद्धा जतन होईना. तिने फोटोंचा सगळा फोल्डर क्लाउडच्या फोल्डरमध्ये हलवला, दोन रात्री लॅपटॉप चालू ठेवला आणि प्रत्येक फोटोवर बरोबरची खूण आल्यावर लॅपटॉपवरचे फोटो पुसून टाकले. लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी केली. जागा झाली. पुढे काही दिवसांनी मोबाइलवर पाहते तो क्लाउडमधला फोल्डरही रिकामा! त्या फोटोंत तिच्या आजीचे, वेल्ह्याकडे मामाच्या शेतात भाताची लावणी करतानाचे फोटो होते. आजी गेल्या वर्षी वारली. "मी तर ते सांभाळायलाच वर ठेवले होते," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

तिचे चुकले कोठे? याचे उत्तर शोधण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेऊ.

फोटो एवढी जागा का घेतो?

समजा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके आहेत. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे लागतात, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट जागा लागते. म्हणजे एका फोटोला ३ कोटी ६० लाख बाइट, अर्थात ३६ मेगाबाइट! प्रत्यक्षात फोटो इतका मोठा नसतो, कारण १९९२ साली मान्य झालेल्या जेपेग पद्धतीने डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळून तो साधारण ३ ते ४ मेगाबाइटांत बसवला जातो. तरीही दहा हजार फोटो म्हणजे सुमारे ४० गिगाबाइट झाले.

तुलनेसाठी पाहा. १९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांचा पहिला साठा बाजारात आणला. त्याच्या ५० मोठ्या तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजचा एखादाच फोटो त्यात बसला असता!

मेघ आहे तरी कोठे?

'क्लाउड' म्हणजे मेघ. नावावरून माहिती आकाशात तरंगते असे वाटते. प्रत्यक्षात हा मेघ पक्का जमिनीवर आहे. मोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने मांडलेले असतात. ते तापतात म्हणून त्यांना अखंड थंड ठेवावे लागते, आणि वीज गेली तर जनित्रे सज्ज असतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली भारतात अशी केंद्रे सुरू केली, त्यांतले एक पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबईत आपली केंद्रे उघडली. तुमचे फोटो नेमके तेथेच असतील असे मात्र नाही. ते कोठे ठेवायचे हे कंपनी ठरवते.

सारोळ्याहून पुणे पन्नास किलोमीटरच्या आत आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हे अंतर कापायला त्याला सेकंदाचा चार हजारावा भाग पुरतो. तात्पर्य, मेघ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आवारातला, पण क्षणात गाठता येणारा संगणक.

आरसा की छायाचित्र?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आरशासमोर उभे राहिलात की आत तुमची प्रतिमा दिसते. तुम्ही हात हलवला की तीही हलवते आणि तुम्ही दूर गेलात की तीही नाहीशी होते. छायाचित्राचे तसे नाही. ते एकदा काढले की तुम्ही निघून गेलात तरी ते राहते.

मेघात फोटो ठेवण्याचेही असेच दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आरशासारखा, त्याला 'सिंक' म्हणतात. लॅपटॉपवरचा फोल्डर आणि मेघातला फोल्डर सतत एकसारखे ठेवणे हे त्याचे काम. येथे फोटो घातला की तो तेथे दिसतो, आणि येथे पुसला की तेथेही पुसला जातो. दुसरा प्रकार छायाचित्रासारखा, त्याला 'बॅकअप' म्हणजे राखीव प्रत म्हणतात. तेथे प्रत एकदा पोचली की मूळ फोटोचे काही झाले तरी ती टिकते.

आमच्या विद्यार्थिनीने आरशाला छायाचित्र समजण्याची चूक केली. बरोबरची खूण खोटी नव्हती. 'दोन्हीकडे सारखे आहे' एवढाच तिचा अर्थ होता. पुसल्यानंतरही दोन्हीकडे सारखेच होते, ते म्हणजे काहीच नव्हते!

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "मेघात तर एका फोटोच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात ना?" होय, ठेवतात. त्यामुळे एखादे यंत्र बिघडले तरी फोटो वाचतो. पण 'पुसा' हा हुकूम मालकाकडून आला की तो सगळ्याच प्रतींना लागू होतो. यंत्राच्या बिघाडापासून मेघ आपल्याला वाचवतो. आपल्याच चुकीपासून तो फार तर काही दिवस वाचवतो.

मग जागा करायची कशी?

यासाठी तिसरा प्रकार उपयोगी पडतो. ग्रंथालयातील कार्डांची पेटी आठवा. पेटीत पुस्तकाचे नाव व क्रमांक असलेले छोटे कार्ड असते आणि पुस्तक कपाटात असते. तसेच लॅपटॉपवर फोटोचे केवळ नाव ठेवायचे आणि फोटो मेघात ठेवायचा. नावावर टिचकी मारली की तो खाली उतरतो. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'फ्री अप स्पेस' निवडले की असे होते. तेथेच 'डिलीट' निवडले तर मात्र दोन्हीकडून जाते. दोन शब्द एकाच यादीत असतात, पण परिणाम अगदी उलट! गूगल ड्राइव्हमध्ये 'मिरर' म्हणजे आरसा आणि 'स्ट्रीम' म्हणजे मेघातून लागेल तसे आणणे, असे दोन पर्याय असतात. जागा वाचवायची असेल तर दुसरा निवडावा.

पण लक्षात ठेवा, कार्ड म्हणजे पुस्तक नव्हे. इंटरनेट नसेल तेव्हा नुसत्या नावावरून फोटो उघडणार नाही. शिवाय मेघातली प्रत आता एकुलती एक झालेली असते. फुकट जागाही मर्यादित असते. गूगलची १५ गिगाबाइट जागा टपाल, कागदपत्रे व फोटो या सर्वांत मिळून असते, आणि १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो तीत मोजला जातो. दोन वर्षे न वापरलेले खाते बंद करण्याचा अधिकारही ती कंपनी राखून ठेवते.

म्हणून अनुभवी छायाचित्रकार ३-२-१ हा नियम पाळतात. प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर. घरच्यासाठी एवढे पुरे : एक प्रत मेघात, एक वेगळ्या बाह्य हार्ड डिस्कवर आणि अगदी मोलाचे फोटो नातेवाइकांकडच्या दुसऱ्या डिस्कवर. एवढे झाल्यावर लॅपटॉप खुशाल मोकळा करा.

आधी प्रयोग, मग कृती

आपण विज्ञानाचे विद्यार्थी. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये, तपासून पाहावे. पुढील प्रयोग घरी करा.

१. भिंतीचा एक निरुपयोगी फोटो काढून मेघाच्या फोल्डरमध्ये ठेवा.
२. दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर आपले खाते उघडून तो तेथे पूर्ण आकारात उघडतो का ते पाहा.
३. आता तो लॅपटॉपवरून पुसा. दहा मिनिटे थांबा.
४. दुसऱ्या यंत्रावर पुन्हा पाहा. फोटो गेला असेल तर तुमच्याजवळ आरसा आहे. राहिला असेल तर छायाचित्र आहे.

एका भिंतीच्या फोटोवर हे कळले तर आजीचा फोटो पणाला लावावा लागत नाही.

आता त्या मुलीची गोष्ट पुरी करतो. बहुतेक सेवांमध्ये मेघाचीही स्वतंत्र कचरापेटी असते, आणि पुसलेले फोटो तीत साधारण ३० दिवस राहतात. तिने मला विचारले तो एकोणिसावा दिवस होता. आम्ही प्रयोगशाळेतल्या संगणकावर तिचे खाते उघडले, पेटी सापडली, आणि 'रिस्टोअर' ही कळ तिनेच दाबली. गुडघाभर चिखलात उभी राहून हसणारी आजी पडद्यावर परत आली. बारा दिवस उशीर झाला असता तर कोणाचाच इलाज चालला नसता.

दुसऱ्या दिवशी ती येताना एक बाह्य डिस्क घेऊन आली. फोटो उतरवायला बराच वेळ लागला, तोपर्यंत आम्ही एक गणित केले. तेच तुम्हांलाही देतो.

सोडवून पाहा

४० गिगाबाइट फोटो सेकंदाला १० मेगाबिट वेगाने मेघात चढवायला किती तास लागतील? बाइट आणि बिट यांत गल्लत करू नका. एका बाइटमध्ये आठ बिट असतात.

(उत्तर : सुमारे ९ तास.)