गिनीपिगचा खाऊ

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व आपोआप तयार होते. माणूस आणि गिनीपिग यांना मात्र ते अन्नातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास स्कर्व्ही जडते. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते. केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना हा रोग होतो, हे होल्स्ट व फ्रोलिख या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली दाखवून दिले.

निरोगी प्रौढ गिनीपिगास दर किलोग्रॅम वजनामागे रोज निदान १० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. कावेरीकाठच्या कुंभकोणमसारख्या उष्ण गावी साठविलेल्या तयार खाद्यातून ते लवकर नाहीसे होते. म्हणून खाऊ ताजा असावा. ढोबळ्या मिरचीची फोड व थोडी कोथिंबीर स्वच्छ धुऊन द्यावी. पेरूतही हे जीवनसत्त्व भरपूर असते. परंतु तो गोड असल्याने आठवड्यातून एकदोनदा लहानशी फोड पुरे. केळे त्याहूनही कमी द्यावे. गूळ, मिठाई, कांदा, लसूण व बटाटा सर्वथा वर्ज्य समजावेत.

मुख्य आहार मात्र गवतच होय. गिनीपिगचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. गणपतीला वाहिली जाते ती दूर्वाही, औषध न फवारलेली असल्यास, त्याला चालते. गवताने पोट भरावे. खाऊ चिमूटभरच असावा.