मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद

सॅक्सोफोनच्या मुखाशीं एक पातळ पट्टी असते. फुंकर लागतांच ती कंप पावते व वाद्य बोलूं लागतें. एकट्याला हें सरावानें साधतें. परंतु चार वादकांचा श्वास एकाच क्षणीं सुटावा, एकाच क्षणीं थांबावा, ही वृंदनायकाची कसोटी. मोंबासांत जन्मलेले गोमंतकीय सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया १९३९ पासून १९६१ पर्यंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत या कसोटीस उतरले. ठेक्याला झोका देणारें तें ‘स्विंग’ संगीत ऐकावयास मोजकेच लोक जात. तथापि अशा वृंदांतील कित्येक गोमंतकीय वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतहि वाजवीत. २०११ सालीं कोरिया निवर्तले. नृत्यागारांतले ते सूर विरले. परंतु जुन्या चित्रपटगीतांतून त्या शिस्तीचा पडसाद आपल्या घरांत आजहि ऐकूं येतो.