थीम पार्कला जाताय? आधी मुलांची उंची मोजा

सुट्टी लागली की मुलांचा एकच हट्ट, थीम पार्क. आपण तिकिटाचे पैसे जमवतो आणि हिशोब संपला असं समजतो. आमचंही तसंच झालं होतं. एका पार्कात धाकटीला मोठ्या राईडच्या दारातूनच परत पाठवलं, उंची चार बोटं कमी! तिकीट तर भरलेलं. पोरगी दिवसभर भावाच्या चपला सांभाळत बसली. आता आम्ही घरीच भिंतीला उभं करून मोजतो, मग प्रत्येक राईडची अट वाचतो.

मुंबई-पुणेवाल्यांना खोपोलीजवळचं इमॅजिका सोयीचं. तारखेप्रमाणे दर बदलतात, म्हणून शनिवार-रविवार टाळा. मुंबईहून खोपोली लोकल आहे, पुढे रिक्षा वाटून घ्या. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

वॉटर पार्कमध्ये सुती सलवार-कमीज चालत नाही. पूर्ण अंगाचा नायलॉनचा पोशाख चालतो का, हे फोन करून विचारा आणि घरूनच न्या. तिथे भाडं पडतं. घरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. सकाळी पोटभर नाश्ता करा, हलालची चौकशी आधीच करा.

आणि हो, राईडवर न बसणाऱ्या नानीलाही तिकीट लागतं. यंदा आमच्या अम्मी म्हणाल्या, "मी घरीच बरी, माझ्या पैशात पोरांना आईस्क्रीम द्या." आम्ही त्यांना खोपोलीच्या नातलगांकडे सोडलं, संध्याकाळी परत घेतलं.