पावशाला पावसाचं काय ठाऊक?

मे महिन्यात कर्जत-खालापूरच्या रानात पावशा दिवसरात्र ओरडत असतो. शेतकऱ्याच्या कानाने त्यात 'पेर्ते व्हा' ऐकलं आणि पावशाला पाऊस आधीच कळतो, असा समज झाला. खरं तर ही नराची साद मादीसाठी आणि हद्द राखण्यासाठी असते. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, त्यामुळे त्याची वीण त्यांच्या विणीशी जोडलेली. हे ओरडणं ऐन उन्हाळ्यातच सुरू होतं, पेरणीचे दिवस मग त्यात येतातच. रानातले बरेच गैरसमज असेच आहेत. कान-नाक बरोबर टिपतात, अर्थ मात्र आपण घाईने लावतो.

माथेरानच्या झाडीत भर दुपारी कान किटवणारा आवाज येतो, त्याला सर्रास रातकिडे म्हटलं जातं. रातकिडा पंखावर पंख घासतो, तेही बहुधा रात्री. दुपारचा कल्ला सिकाडाच्या नरांचा. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंचे ताठ पडदे स्नायूंच्या ओढीने वेगाने आत-बाहेर होतात आणि तो आवाज निघतो.

पहिल्या सरीनंतर येतो तो निव्वळ मातीचा वास नव्हे. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेली वनस्पतींची तेलं त्यात असतात, आणि मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिनही. एक लाख कोटी भागांत काही मोजके भाग जिओस्मिन असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. कुत्र्यापुढे आपलं नाक अगदीच कुचकामी, असं मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

डोळ्यांवर मात्र आपला फाजील विश्वास. पावसाआधीच्या आठवड्यांत कोंदिवड्याहून राजमाचीकडे काजवे बघायला माणसांची रीघ लागते आणि बहुतेकांच्या हातात टॉर्च असतो. अंधारात उजेडाशिवाय दिसणार कसं, हा त्यामागचा समज. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइल एकदा उघडला की ही कमाई बरीचशी वाया जाते. नुकसान काजव्यांचंही होतं. त्यांची लुकलुक हे जोडीदाराला दिलेले इशारे असतात आणि झगझगीत उजेडात ते हरवतात. अनेक जातींत मादी खाली गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते, म्हणून फोटोसाठी वाट सोडून गवतात शिरणं मला अक्षम्य वाटतं. काजवा चटका देतो, हेही खरं नाही. ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजन यांच्या क्रियेतून निघणाऱ्या त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. आणि तो चार दिवसांचा पाहुणाही नव्हे. प्रौढ काजवा थोडेच आठवडे जगतो, पण त्याआधी त्याची अळी कित्येक महिने ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खात वाढलेली असते.

उरली जीभ. इथला गैरसमज जिवावर बेतणारा आहे. विषारी अळंबी कडू लागते, किडे खातात ती चालते, चांदी काळी पडली तरच विष, यातलं एकही खरं नाही. अमाटॉक्सिन हे घातक विष कडू लागत नाही, शिजवून जात नाही, आणि त्रास बहुधा सहा-बारा तासांनी सुरू होतो. तोवर विष यकृताकडे पोचलेलं असतं.

उलट शेवळं ही रानभाजी घशाला खाजते म्हणून तिला विषारी ठरवणंही चूक. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. जूनच्या तोंडावर कर्जत-नेरळच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बाया शेवळांबरोबर काकडं ही आंबट फळं विकतात, ती ही खाज मारण्यासाठीच. काकडांविना शेवळं घेऊ नयेत, आणि साफ करताना आतला कोणता भाग टाकायचा ते विकणाऱ्या मावशींनाच विचारावं.