मुक्यांचे व्याकरण

सिडकोने वसविलेल्या करंजाडेसारख्या वसाहतीत माणसांपाठोपाठ कुत्री-मांजरेही वस्तीला येतात. मग गृहनिर्माण संस्थांत दोन तट पडतात. एक अन्न घालणाऱ्यांचा, दुसरा हाकलणाऱ्यांचा. हे प्राणी काय सांगू पाहत आहेत, हा प्रश्न मात्र कोणत्याच तटाला पडत नाही.

वास्तविक चार्ल्स डार्विनने १८७२ मध्येच प्राण्यांच्या भावाविष्कारावर ग्रंथ लिहून दाखविले होते की, चाल करून येणारा कुत्रा ताठ होतो, शेपूट उंचावतो, मानेवरचे केस फुलवितो. धन्याला ओळखताच तोच अंग झुकवून शेपूट हलवितो. हा ढोबळ भेद सर्वांना कळतो. फसगत होते ती सूक्ष्म खुणांपाशी. उंच, ताठ शेपूट भराभर थरथरत असेल, तर तो आनंद नव्हे, उत्तेजना होय. झोप नसता दिलेली जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, वळविलेले तोंड, डोळ्यांचा दिसू लागलेला पांढरा भाग ही बेचैनीची लक्षणे. पुढे अंग थिजते, गुरगुर होते. चावा बहुधा शेवटी येतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारणारा माणूस धोक्याची घंटाच बंद पाडतो.

मांजराचे व्याकरण निराळे. उभे शेपूट हे स्वागत, तर झटकलेले शेपूट आणि आडवे पडलेले कान म्हणजे ‘आता पुरे’. उताणे पडणे हा विश्वास असतो, पोट कुरवाळण्याचे आमंत्रण नव्हे. सावकाश मिटणारे डोळे मात्र स्नेहाचे.

मौज अशी की, कुत्र्याने आपला अभ्यास केव्हाच पुरा केला आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’मधील अनिंदिता भद्रा व सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासात, प्रयोगात सहभागी झालेल्या भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी अनोळखी माणसाने हाताने दाखविलेली दिशा ओळखली. त्यांना कोणी शिकविले नव्हते. निरक्षर राहिला तो माणूस.

या निरक्षरतेची किंमत मुले मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. पिसाळलेला कुत्रा पूर्वसूचना देईलच असे नाही. तेव्हा जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेणे, याला पर्याय नाही. २०२३ च्या नियमांनी कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची वाट आखून दिली. त्यासाठी पैसा, मनुष्यबळ लागते. परंतु खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिलांजवळच्या कुत्रीला छेडू नये आणि कुत्रा ताठ झाला की न धावता, नजर न रोखता हळूच बाजूला व्हावे, एवढे शिकविण्यास शाळेचा एक तास पुरतो. इतक्या अल्प खर्चात इतके हित साधणारी योजना विरळाच. ती अमलात येण्यास अडसर आहे तो एकच. मुक्यालाही काही सांगायचे असते, हे मान्य करण्याचा.