वितळलेली चरबी, उरलेला धोका

लग्नसराई जवळ आली की घरोघरी 'लेझर लायपोलिसिस'ची चौकशी सुरू होते. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या, मधुमेह जडलेल्या व्यापाऱ्यालाही वाटते, पोट उतरले की साखरही उतरेल. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या उपचारात त्या भागात बधिर करणारे द्रावण भरून, बारीक छिद्रातून प्रकाशतंतू त्वचेखाली नेतात. लेझरच्या उष्णतेने चरबीच्या पेशी फुटतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या गोठतात, त्वचा काहीशी आवळते. सुटलेली चरबी शोषून काढतात. सूज, भाजणे, जंतुसंसर्ग आणि त्वचेचा उंचसखलपणा हे त्यातील धोके होत.

परंतु ही चरबी केवळ त्वचेखालची. मधुमेह व हृदयविकाराशी अधिक निगडित असते ती आतड्यांभोवतीची. तेथे ही नळी जात नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील सुमारे १० किलो चरबी नेहमीच्या शोषणपद्धतीने काढली होती. १०-१२ आठवड्यांनंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल वा इन्सुलिनचा प्रभाव यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही.

आतली चरबी घटते ती मित आहाराने व नित्य चालण्याने. भुकेपेक्षा दोन घास कमी घेणारी ऊनोदरी येथे उपयोगी पडते. शरीराचा आकार हे एक खाते, आरोग्य हे दुसरे. एकाची जमा दुसऱ्यात मांडता येत नाही.