पिकलेला अननस कसा ओळखावा

आंबा कच्चा मिळाला तर त्याची आढी घालता येते. केळ्यांचा हिरवा घड टांगून ठेवला तर चार दिवसांत पिवळा होतो. अननसाच्या बाबतीत ही सोय नाही. आंब्यात व केळ्यात पिष्टाचा साठा असतो आणि फळ उतरवल्यावरही त्याची साखर होत राहते. अननसात असा साठा जवळजवळ नसतोच. त्याला गोडी पुरवतात ती झाडाची पाने, आणि देठ कापला की तो पुरवठा तुटतो. घरी ठेवलेला अननस पिवळा पडेल, मऊ होईल, पण अधिक गोड होणार नाही. तेव्हा पारख करायची ती बाजारातच.

हे फळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्याकडे आणले, आणि ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतले त्याचे नावही त्यांच्याबरोबरच आले. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आग्र्याच्या बागेत होणाऱ्या अननसांचा उल्लेख केला आहे.

पुष्कळ लोक केवळ रंगावर जातात. पण 'क्वीन' जातीचे लहान फळ पिकल्यावर सोनेरी होते, तर 'क्यू' जातीचे मोठे, रसाळ फळ पिकूनही अंगावर बराच हिरवा रंग बाळगते. शिवाय ईथेफॉनसारख्या औषधाने सालीला रंग आणता येतो. गोडी मात्र आणता येत नाही. म्हणून रंग पाहायचाच तर बुडाशी पाहावा, कारण अननस खालून वर पिकत जातो.

खरी साक्ष नाकाची. फळ उलटे करून देठाजवळ वास घ्यावा. मंद, गोड सुवास आला तर फळ घ्यावे. मुळीच वास नसेल तर बहुधा ते कोवळे असताना कापलेले असते. दारूसारखा आंबूस दर्प आला तर ते आंबू लागले असे समजावे. मात्र थंड पेटीतून नुकतेच काढलेले फळ वास लपवते, हे ध्यानात ठेवावे. एकाच आकाराच्या दोन फळांतले जड ते उचलावे. डोळे भरलेले असावेत, अंग दाबल्यावर किंचित लवावे, आणि देठाशी बुरशी नसावी. तुऱ्याचे पान ओढून पाहण्याची चाल सर्वत्र आहे, परंतु शिळ्या फळाचेही पान सहज निघते. त्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. बिचारा फळवाला मात्र उगाच हैराण होतो!

बुडाकडचा भाग शेंड्याकडच्या भागापेक्षा गोड असतो. आडव्या चकत्या केल्या तर घरातल्या एकाला साखर व दुसऱ्याला आंबट, असा अन्याय होतो. उभ्या फोडी कराव्यात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही येते.

कच्च्या अननसाचा रस दुधात घालू नये. त्यातील ब्रोमेलेन हे द्रव्य दुधातील प्रथिने तोडते व दूध कडवट होते. शिऱ्यात किंवा खिरीत घालायचा असेल तर फोडी आधी साखरेत चांगल्या शिजवून घ्याव्यात.